संवाद ऐकू येत नाहीत, रात्रीचे प्रसंग काळेकुट्ट : दोष सिनेमाचा की थिएटरचा?

मधली_रांग
इथले नव्या सिनेमांवरचे धागे वाचले की दोन तक्रारी हमखास सापडतात. एक : ‘अर्धे संवाद कळले नाहीत, पार्श्वसंगीताने कान किटले.’ दुसरी : ‘रात्रीचे प्रसंग इतके काळोखे की कोण कोणाला मारतंय तेच कळेना.’ लगेच छायालेखकाची आणि ध्वनिवाल्यांची पूजा बांधली जाते. चार प्रतिसाद खाली जावं तर दुसरं कोणी लिहितं, ‘आम्हाला तर लख्ख दिसलं आणि शब्दन् शब्द ऐकू आला.’ सिनेमा तोच, शुक्रवारही तोच. फरक फक्त पडद्याचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो : सिनेमाला तारे देण्याआधी थिएटरला द्यायला हवेत. पण ओळखायचं कसं? संवाद दबले ते मिक्सिंगमध्ये (म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवताना) की पडद्यामागच्या स्पीकरमध्ये? काळोख मुद्दाम ठेवलाय की दिवा म्हातारा झालाय? जाणकारांनी लिहा. कथा-पटकथेवरची भांडणं कृपया त्या त्या सिनेमाच्या धाग्यावर.

तिसरी_घंटा
भयपटात तो काळोख फायद्याचाच. भूत येऊन गेलं तरी कळत नाही, रात्री झोप शांत लागते.

बूथवाला
आधी उजेडाचं घेऊ. डिजिटल सिनेमाचं माप ठरलेलं आहे : पांढऱ्या पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट्स (दोन्ही उजेड मोजायची एककं). रंगसंस्कार होतात त्या स्टुडिओतला पडदाही याच मापाला लावलेला असतो. छायालेखक तिथे बसून ठरवतो की झाडामागे उभ्या माणसाचा चेहरा जेमतेम दिसला पाहिजे. तोच सिनेमा २५ निट्सच्या पडद्यावर लावला की ‘जेमतेम’चं ‘अजिबात नाही’ होतं. दिवसाचे प्रसंग निभावून जातात, कारण डोळा सरावतो. मार बसतो तो सावल्यांना.

उजेड कमी का पडतो? जुन्या प्रोजेक्टरात झेनॉनचा दिवा असतो. वॅटनुसार त्याचं आयुष्य काही शे तासांपासून दोन-अडीच हजार तासांपर्यंत. रोजचे पाच खेळ धरले तर जाहिरातींसकट सोळा तास दिवा जळतो, म्हणजे दोन महिन्यांत साडेनऊशे तास. हा दिवा घरच्या बल्बसारखा एकदम जात नाही, मंदावत जातो. प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा म्हणजे उजेड सारखा राहतो. काही ठिकाणी तो शेवटपर्यंत खालीच ठेवतात, तेवढाच दिवा जास्त टिकतो म्हणून. मुदत संपल्यावरही तोच चालवला की काच काळवंडते आणि पडद्याच्या कडा मध्यापेक्षा आधी अंधारतात.

दुसरं कारण साधं : बूथच्या खिडकीची काच. धूळ आणि बोटांचे ठसे. पुसायला दोन मिनिटं लागतात, पण पुसणारा माणूस बूथमध्ये असायला हवा.

तिसरं, थ्रीडी. एकाच प्रोजेक्टरवर पोलरायझर, म्हणजे दोन डोळ्यांची चित्रं वेगळी करणारा फिल्टर, लावला की निम्म्याहून जास्त उजेड तिथेच खाल्ला जातो. म्हणून थ्रीडीचं प्रमाणच ४.५ फूट-लॅम्बर्टच्या आसपास ठेवतात. सकाळी थ्रीडीचा खेळ झाला आणि तो फिल्टर न काढता दुपारचा साधा सिनेमा लावला, की झालं. पाऊस नसलेल्या प्रसंगातही आभाळ भरून आल्यासारखं वाटतं.

चकली_कडक
बूथवाला, दंडवत. एक शंका : त्याच पडद्यावर मध्ये बसलेल्याला छान दिसतं आणि कडेच्या खुर्चीवाल्याला मातकट, असं का होतं?

बूथवाला
तो चंदेरी पडदा. चष्मे लावून बघायच्या पोलराइज्ड थ्रीडीसाठी असा पडदा लागतो, नाहीतर परतणाऱ्या प्रकाशाचं पोलरायझेशन टिकत नाही. त्याचा दोष असा की तो उजेड समोर जास्त फेकतो आणि बाजूला कमी. मध्ये एक उजळ डाग दिसतो, ज्याला हॉट स्पॉट म्हणतात. जिथे बसाल तिकडे तो डाग सरकतो. अशा ठिकाणी भिंतीलगतचं तिकीट स्वस्तातही घेऊ नये.

पार्लेकरीण
उजेडाचं पटलं. आवाजाचं मी लिहिते, कारण तक्रारी त्याच्याच जास्त.

पडद्याला बारीक भोकं असतात आणि त्यामागे तीन स्पीकर : डावा, मधला, उजवा. संवाद जवळजवळ सगळे मधल्यातून येतात. संगीत डाव्या-उजव्यातून आणि भिंतींवरच्यांतून. मधल्या स्पीकरचा हॉर्न, म्हणजे वरच्या पट्टीतले स्वर देणारा भाग, गेला किंवा अर्धामुर्धा झाला, तर संगीत दणदणीत आणि माणसं मात्र तोंडात भाकरी धरून बोलल्यासारखी. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ गायब झाले की समजावं, हे मिक्सिंग नव्हे, हॉर्न आहे. मिक्सिंगमध्ये दबलेला आवाज लहान असतो, बोबडा नसतो.

दुसरं, फेडर, म्हणजे सगळा आवाज वरखाली करायचं बटण. डॉल्बीच्या प्रोसेसरवर ७ हा आकडा म्हणजे ठरलेली पातळी. स्टुडिओत त्याच आकड्यावर मिक्सिंग होतं. ४ ते १० या टप्प्यात एक आकडा म्हणजे सुमारे ३.३ डेसिबल. थिएटरने फेडर ५ वर आणला की सगळं साडेसहा डेसिबलने खाली. मारामारी तरीही मोठीच ऐकू येते. पण नायिका खिडकीत उभी राहून पुटपुटते ते वाक्य एसीच्या घरघरीखाली जातं. म्हणून ‘संगीत मोठं, संवाद लहान’ असं वाटतं. खरं तर दोन्ही सारखेच खाली आलेत, एक बुडालं इतकंच.

फेडर खाली का आणतात? जाहिराती कर्कश असतात. कोणीतरी आजोबा बाहेर येऊन ओरडतात, मॅनेजर आवाज कमी करतो आणि सिनेमा सुरू झाल्यावर वाढवायला विसरतो.

ठाणे_स्लो
म्हणजे आजोबा दोषी. धागा बंद करा.

मिक्सर_ग्राइंडर
पार्लेकरीण ताई, निम्मं सहमत. पण सगळं खापर थिएटरवर फोडू नका. मराठीतल्या बऱ्याच सिनेमांचे संवाद मुळातच दबलेले असतात, त्याची कारणं बघा.

चित्रीकरण खऱ्या वाड्यात, गल्लीत, समुद्रकाठी. आवाज तिथल्या तिथे घेतलेला. पाठीमागे जनरेटर, रातकिडे, रिक्षा. छातीवरच्या कॉलर माइकवर साडीची किंवा धोतराची सळसळ. साफ करायला घेतलं की गोंगाटासोबत आवाजातला कसही जातो. दुरुस्ती म्हणजे कलाकाराला बोलावून पुन्हा डबिंग, पण तोवर तो दुसऱ्या चित्रीकरणाला किंवा नाटकाच्या दौऱ्यावर. मग जे आहे ते ‘चालवून घेऊ’.

पुढे मिक्सिंग. मोठ्या थिएटरइतक्या खोलीत दिवस विकत घ्यावे लागतात. पैसे कमी असले की बरंचसं काम छोट्या खोलीत, जवळच्या स्पीकरांवर उरकतात आणि मोठ्या खोलीत शेवटी फक्त तपासणी. छोट्या खोलीत कुजबुज स्पष्ट ऐकू येते. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात ती विरते. शिवाय संवाद ज्यांना तोंडपाठ त्यांनाच निर्णय घ्यायचा असतो. शंभराव्यांदा ऐकणाऱ्याला सगळंच कळतं हो.

आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, ‘इथे संगीत अजून थोडं चढवा, प्रसंग उठत नाहीये.’

पार्लेकरीण
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

अण्णा_माटुंगा
सोपा उपाय : ओटीटीवर आला की तोच प्रसंग ऐका. तिथे स्पष्ट असेल तर थिएटर दोषी.

मिक्सर_ग्राइंडर
नाही अण्णा, तो पुरावा धरता येत नाही. ओटीटीसाठी बहुतेक वेळा मिक्स वेगळा करतात. नेटफ्लिक्सची अट संवादांच्या सरासरीवर बेतलेली आहे, उणे २७ एलकेएफएस (आवाज किती मोठा जाणवतो त्याचं माप). तिथे संवाद धरून बाकीचं मागेपुढे करतात. थिएटरच्या मिक्सला अशी अट नाही, तिथे खोलीच प्रमाण. खात्री करायची तर तोच सिनेमा त्याच आठवड्यात दुसऱ्या थिएटरात, खोलीच्या त्याच भागात बसून बघणाऱ्याला विचारा.

लोअर_स्टॉल
‘खोलीच्या त्याच भागात’ हे महत्त्वाचं. ध्वनीची मापं घेतात ती पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर, मधल्या रेषेत. बारा रांगा असतील तर पडद्याकडून आठवी. सगळ्यांत महाग रिक्लायनर मात्र शेवटच्या रांगेत, मागच्या भिंतीला टेकून. म्हणजे मागचा स्पीकर थेट डोक्यावर. त्यातून पाऊस आणि टाळ्या कानात, संवाद पुढे लांब. जास्त पैसे मोजून कमी ऐकायचं.

तिकीट काढताना ‘ए’ रांग पुढे की मागे हे आधी बघा. काही ठिकाणी ए पडद्यापाशी असते, काही ठिकाणी उलटं. ॲपवर पडदा कुठल्या बाजूला काढलाय ते बघून मग रांगा मोजायच्या.

ठाणे_स्लो
अवांतर : रिक्लायनर आवाजासाठी नसतो, झोपेसाठी असतो. अलीकडच्या लांबीला तो लागतोच.

चकली_कडक
लांबीवरून आठवलं. ५ डिसेंबर २०२५ ला आलेला ‘धुरंधर’ २१४ मिनिटांचा. पंधरा मिनिटं जाहिराती, पंधरा मध्यंतर धरलं तर चार तास चार मिनिटं. रात्री पावणेदहाचा खेळ सुटायला पावणेदोन होतात. शेवटची लोकल तोवर कारशेडमध्ये. तिकिटाच्या किमतीत रिक्षाही धरा, रात्रीच्या भाड्याने.

गणित_कच्चं
फक्त रिक्षा नाही. सकाळी नऊ ते रात्री एक या सोळा तासांत असा सिनेमा एका पडद्यावर चारदाही बसत नाही, सोळा मिनिटं कमी पडतात, मधला झाडूपोछा वेगळाच. सव्वादोन तासांचा सिनेमा पाचदा आरामात. म्हणजे लांब सिनेमाला तेवढेच खेळ द्यायचे तर जास्त पडदे अडवावे लागतात. अडवतात कोणाचे? बाजूच्या मराठी सिनेमाचे.

गिरगाव_नाका
आणि त्यात आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. १ मे २०२५ ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय’ एकाच दिवशी. १२ सप्टेंबरला तर तीन : ‘दशावतार’, ‘बिन लग्नाची गोष्ट’ आणि ‘आरपार’. प्रेक्षक तेच, शनिवार-रविवार तेच, घरटी बजेट तेच. तिघांत एक पुढे सरकतो आणि बाकीचे सोमवारपासून सकाळी साडेदहाच्या खेळावर.

ठाणे_स्लो
प्राइम टाइमचा नियम होता ना?

गिरगाव_नाका
२०१५ साली झाला. मल्टिप्लेक्सने मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायचा. मग प्राइम टाइमची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली. मंगळवारी दुपारी बाराला कोण मोकळं असतं ते ज्याने त्याने ठरवावं.

गणित_कच्चं
थिएटरवाल्याचंही गणित समजून घ्या. २००९ साली निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर हिंदी सिनेमांसाठी जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. कर वजा जाता. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका थिएटरचा वाटा वाढतो. तरी दुसऱ्या आठवड्यात खेळ कापतात, कारण रिकाम्या सभागृहाचा ७० टक्के वाटा म्हणजेही शून्यच. खरी कमाई मध्यंतरात, काउंटरवर. दोनशे माणसं आली तर पॉपकॉर्न खपतो, बारा माणसं आली तर मशिन तापवण्याचाही खर्च निघत नाही.

तिसरी_घंटा
पॉपकॉर्न आला! मी वाटच बघत होतो.

अण्णा_माटुंगा
पॉपकॉर्नवरून एक उपयोगाचं : बाहेरचे पदार्थ आणू द्यायचे की नाही हा थिएटरचा अधिकार, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. पण पिण्याचं पाणी फुकट ठेवायलाच हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येत नाही. नळ बहुधा स्वच्छतागृहाच्या शेजारी, कोपऱ्यात, पाटीशिवाय असतो. विचारलं की दाखवतात.

तिकिटाचंही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के, त्यावरच्याला १८ च. मूळ दर १०० असेल तर १०५ पडतात, २५० असेल तर २९५. ॲपचं सुविधा शुल्क त्यावर वेगळं. खिडकीवर काढलं तर ते वाचतं. साध्या वारी, सकाळच्या खेळाला शंभराच्या आतलं तिकीट मुंबईत अजून मिळतं.

मधली_रांग
मंडळी, पॉपकॉर्न खाऊन झाला असेल तर मूळ प्रश्नाकडे. थिएटरात बसल्या बसल्या, यंत्राशिवाय, पहिल्या पाच मिनिटांत कसं ओळखायचं?

बूथवाला
सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघायचं. दहाएक सेकंद स्थिर असतं, कागद फिकट, अक्षरं बारीक. आपण त्या वेळी मोबाइल बंद करत असतो. त्याऐवजी तीन गोष्टी बघा.

मधल्या ओळी आणि कडेच्या ओळी सारख्याच धारदार आहेत का? मध्य स्वच्छ आणि कडा पुसट असेल तर भिंग नीट बसलेलं नाही. कागदाचा रंग सगळीकडे एक आहे का? एक कोपरा पिवळट-राखाडी म्हणजे दिवा सरळ नाही किंवा संपत आलाय. आणि सगळा कागदच वर्तमानपत्रासारखा करडा दिसत असेल तर पुढच्या रात्रीच्या प्रसंगांची आशा सोडा.

चित्राच्या चौकटीसाठी दुसरी खूण. सिगारेट पेटली की खाली वैधानिक इशाऱ्याची ओळ येते. ती अर्धी कापलेली दिसली तर प्रोजेक्टरवर चुकीचा प्रीसेट (आधी ठरवून ठेवलेली चौकट) लागलाय : रुंदी उंचीच्या १.८५ पट असलेल्या सिनेमाला २.३९ पट रुंद चौकटीचा. इंग्रजी उपशीर्षकंही मग अर्धीच दिसतात. हे बटणाचं काम आहे, सांगितल्यावर मिनिटात होतं.

वरखाली काळ्या पट्ट्या असणं हा दोष नाही. त्या काळ्या न दिसता राखाडी चमकत असतील तर वरखालचे काळे पडदे सरकवलेले नाहीत, एवढंच. मोठ्या साखळ्यांतही हल्ली ते कोणी सरकवत नाही.

पार्लेकरीण
आवाजासाठी माझी पट्टी : तंबाखूविरोधी जाहिरात. हसू नका! सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे शब्द कळतात की नाही हा प्रश्न उरत नाही, आवाजाचा पोत तेवढा ऐकता येतो. निवेदकाचा आवाज पडद्याच्या मधून, तोंडाच्या उंचीवरून यायला हवा. छातीत घुमल्यासारखा, ‘स’ बोथट असा आला तर हॉर्न गेला.

आणि गंमत म्हणजे २०१२ च्या नियमांनी ती दोनदा लागते, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर. बहुधा तीच ध्वनिफीत, तोच आवाज. दुसऱ्यांदा लहान वाटली तर मध्यंतरातल्या जाहिरातींसाठी फेडर उतरवून कोणी परत चढवलेला नाही. उठायची वेळ तीच, पुढच्या दृश्याची वाट बघू नका.

मिक्सर_ग्राइंडर
जबरदस्त! एक पुरवणी : नियम तंबाखू दाखवणाऱ्या सिनेमांना आहे, त्यामुळे क्वचित एखाद्या बालचित्रपटात ती पट्टी हाती लागणार नाही. आणि दोन्ही वेळा शब्द स्वच्छ, पातळी सारखी, पण सिनेमातले संवाद तरी दबलेले, तर खुशाल आम्हाला शिव्या घाला. मग तो दोष मिक्सिंगचाच.

चकली_कडक
उठून सांगायचं कोणाला? दारावरचा मुलगा ‘हो सर’ म्हणतो आणि तिथेच उभा राहतो.

बूथवाला
त्याच्या हातात काही नसतंच. मल्टिप्लेक्समध्ये बूथ रिकामा असतो. दिवे, पडदा, जाहिराती, सिनेमा, मध्यंतर, सगळं सर्व्हरवरच्या प्लेलिस्टने आपोआप चालतं. सगळ्या पडद्यांना मिळून एखादाच तंत्रज्ञ. मध्यंतरानंतर दिवे अर्धे चालूच राहतात तेही त्यामुळेच. प्लेलिस्टमध्ये ‘दिवे बंद’ची आज्ञा टाकायची राहिलेली असते आणि आत बघायला कोणीच नसतं.

म्हणून ड्यूटी मॅनेजरला गाठा आणि नेमकं सांगा. ‘आवाज बरोबर नाही’ म्हटलं की तो एक आकडा वाढवून मोकळा होतो. ‘पडदा तीन, मधल्या चॅनेलचे संवाद बोथट येतायत’, ‘पडदा तीन, थ्रीडीचा फिल्टर काढायचा राहिलाय का बघा’, असं म्हटलं की तो तंत्रज्ञाला फोन करतो. पहिल्या दहा मिनिटांत. फेडर, प्रीसेट, फिल्टर, दिवे हे चालू खेळात सुधारता येतं. हॉर्न आणि झेनॉनचा दिवा नाही. त्यासाठी दुसऱ्या खेळाचं तिकीट किंवा परतावा मागायचा, तोही मध्यंतराआधी. सिनेमा पूर्ण बघून मागितला तर कोणी देत नाही आणि बरोबरच आहे.

ठाणे_स्लो
पहिल्याच दिवशी पहिला खेळ रद्द होतो तेही असलंच काही?

बूथवाला
ती चावीची भानगड. सिनेमा कुलूपबंद फाइलींत येतो, त्याला डीसीपी म्हणतात. उघडायला वेगळी चावी लागते, केडीएम. ती त्या पडद्याच्या त्याच सर्व्हरला लागते आणि तिला सुरुवात-शेवटाची वेळ असते. आदल्या रात्री सर्व्हर बदलला, किंवा ऐनवेळी पडदा दोनचा सिनेमा चारवर हलवला, तर जुनी चावी चालत नाही. नवी येईपर्यंत जाहिरातीच बघा.

लोअर_स्टॉल
सिंगल स्क्रीनबद्दल कोणीच बोललं नाही. दादर, लालबाग, वांद्रे इथल्या जुन्या सभागृहांत अजून बूथमध्ये माणूस असतो आणि पब्लिकही. चित्र हललं की पहिल्या शिटीला बूथची खिडकी उघडते. ड्यूटी मॅनेजर शोधावा लागत नाही.

बूथवाला
खरंय. मात्र बाल्कनी लांब आणि पडदा मोठा, त्याच दिव्याचा उजेड जास्त जागेत पसरतो. तिथे स्टॉलच्या मागच्या रांगा बऱ्या. बाल्कनीच्या छताखाली मात्र शिरू नका, वरचा आवाज तिथे पोचत नाही.

गिरगाव_नाका
म्हणजे साडेदहाच्या खेळाला छोट्या पडद्यावर ढकललेला मराठी सिनेमा, विझत आलेला दिवा, पाचवर फेडर, आणि मग इथे प्रतिसाद : ‘मराठीवाल्यांना तांत्रिक बाजू जमतच नाही.’

मिक्सर_ग्राइंडर
पंचवीस टक्के जमत नाही, लिहून घ्या. आकडा माझ्या अंदाजाचा, भांडायला मोकळे आहात.

मधली_रांग
ठरलं तर. यापुढे नव्या सिनेमाच्या धाग्यावर प्रतिसाद देताना थिएटरचा भाग, पडदा क्रमांक, रांग आणि खेळाची वेळ लिहायची. नाव नको, उगाच वाद. उदाहरणार्थ : ‘दादर, पडदा २, पडद्याकडून आठवी, दुपारी सव्वातीन. जाहिरातीचा निवेदक दोन्ही वेळा स्वच्छ.’ आणि मग सिनेमा.

तिसरी_घंटा
‘मुलुंड, पडदा ४, शेवटची रांग, रिक्लायनर, रात्री पावणेदहा. निवेदक पहिल्यांदा स्वच्छ. दुसऱ्यांदा ऐकला नाही, झोप लागली होती.’ चालेल?